एकाच स्मिअरमध्ये जांभळ्या आणि गुलाबी पेशी: सूक्ष्मजीवशास्त्राचा पाया कुठून पक्का करावा?

तुम्ही लिहिले आहे की, बॅसिलस सबटिलिस या जीवाणूच्या स्लँटवरून (नळीतील तिरप्या, घट्ट माध्यमावरील वाढीवरून) केलेल्या ग्रॅम स्टेनिंगमध्ये, म्हणजे रंग देऊन जीवाणूंचे दोन गट ओळखण्याच्या पद्धतीत, तुम्हाला जांभळे आणि गुलाबी असे दोन्ही रंगांचे दंडाकार जीवाणू दिसले. बॅसिलस ग्रॅम पॉझिटिव्ह, म्हणजे जांभळा रंग धरून ठेवणाऱ्या गटातला, असल्याचे पाठ असल्यामुळे तुम्ही जर्नलमध्ये ‘सर्व पेशी जांभळ्या’ अशी नोंद केली, आणि तोंडी परीक्षेत परीक्षकांनी सूक्ष्मदर्शकातून पाहून ‘मग या गुलाबी पेशी कुठून आल्या?’ असे विचारल्यावर तुम्हाला उत्तर सुचले नाही. पेशीभित्तिका, वाढीचा आलेख, शुद्ध कल्चर (एकाच जातीच्या जीवाणूंची वाढ) ही प्रकरणे तोंडपाठ असूनही असे का झाले, आणि द्वितीय वर्षाला असताना पाया पक्का करायचा तर सुरुवात कुठून करावी, असा तुमचा प्रश्न आहे.

मी २६ वर्षे पदवीच्या विद्यार्थ्यांची प्रात्यक्षिके घेत आहे आणि त्याआधी काही वर्षे एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम केले आहे. तुमचा अभ्यास कमी पडला, असे मला वाटत नाही. तुमच्या मनात ही तीन प्रकरणे तीन वेगळ्या कप्प्यांत बसली आहेत आणि त्या गुलाबी पेशीला मात्र तिन्ही कप्पे एकदम उघडावे लागतात, ही खरी अडचण आहे. म्हणून ‘पाया कसा पक्का करू?’ या प्रश्नाचे उत्तर मी पुस्तकांची यादी देऊन देणार नाही. तुमच्या त्या स्लाइडपासूनच देणार आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. स्लँट किती तासांचा किंवा किती दिवसांचा होता, रंग उतरवण्यासाठी तुम्ही नुसते अल्कोहोल वापरले की अ‍ॅसिटोन मिसळलेले, आणि त्याच स्लाइडवर दुसऱ्या एखाद्या माहीत असलेल्या जीवाणूचा स्मिअर (काचपट्टीवर पसरलेला पातळ थर) होता की नाही, हे तुमच्या प्रश्नात आलेले नाही. त्यामुळे अमुक एकच कारण होते, असे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. कारणे तीन संभवतात: हाताची चूक, कल्चरचे वय किंवा कल्चरमधील भेसळ. या तिन्हींचा निवाडा करण्याइतका पुरावा बहुतेक वेळा स्लाइडवरच असतो. तो कसा वाचायचा, हेच मी पुढे मांडतो.

प्रथम रंगाचे काम समजून घेऊ. हान्स क्रिश्चन ग्रॅम या डॅनिश वैद्याने १८८४ साली बर्लिनमध्ये ही पद्धत प्रसिद्ध केली, तेव्हा जीवाणूंचे दोन गट पाडणे हा त्याचा हेतू नव्हता. न्यूमोनियाने दगावलेल्या रुग्णांच्या फुफ्फुसाच्या ऊतीत जीवाणू आणि ऊतीतील पेशींची केंद्रके वेगळी ओळखू यावीत, एवढेच त्याला हवे होते. काही जीवाणूंचा रंग अल्कोहोलने निघून जातो, हे त्याच्या लक्षात आले होते, आणि पद्धत अजून अपुरी असल्याचे त्याने स्वतःच्या लेखात मोकळेपणाने मान्य केले होते. त्या ‘रंग निघून जाण्यालाच’ पुढे वर्गीकरणात एवढे महत्त्व आले, कारण त्यामागे पेशीभित्तिकेच्या रचनेतील मूलभूत फरक होता.

क्रिस्टल व्हायोलेट हा जांभळा रंग दोन्ही प्रकारच्या पेशींत शिरतो. आयोडिन आत जाऊन त्याच्याशी मोठ्या आकाराचे संयुग बनवते. या क्षणापर्यंत दोन्ही पेशी जांभळ्याच असतात, ही गोष्ट विद्यार्थी हमखास विसरतात. फरक पडतो तो अल्कोहोलच्या पायरीला. ग्रॅम निगेटिव्ह पेशीचे बाह्य पटल अल्कोहोलने फाटते, आतला पेप्टिडोग्लायकनचा (भित्तिकेला बळकटी देणाऱ्या जाळीदार पदार्थाचा) थर अवघा काही नॅनोमीटर जाडीचा असतो, आणि संयुग धुऊन जाते. मग शेवटी दिलेल्या गुलाबी रंगाने ती पेशी गुलाबी दिसते. ग्रॅम पॉझिटिव्ह पेशीत हाच थर साधारण २० ते ८० नॅनोमीटर जाड असतो. अल्कोहोलने त्यातील पाणी निघून गेल्यामुळे तो आवळतो आणि संयुग आत अडकून राहते. बेव्हरिज आणि डेव्हिस या संशोधकांनी १९८३ साली आयोडिनच्या जागी प्लॅटिनमचे एक संयुग वापरून हा सारा प्रकार इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, आणि त्यांनी निवडलेले दोन जीवाणू होते ई. कोलाय आणि तुमचाच बॅसिलस सबटिलिस.

यातून एक गोष्ट निघते, जी माझ्या मते तुमच्या प्रश्नाच्या मुळाशी आहे. रंग टिकणे किंवा जाणे हा वेळेचा आणि भित्तिकेच्या अवस्थेचा परिणाम आहे. अल्कोहोल पुरेसा वेळ राहिले तर ग्रॅम पॉझिटिव्ह पेशीही रंग सोडते, आणि फार कमी वेळ राहिले तर ग्रॅम निगेटिव्ह पेशीही जांभळी राहते. ‘ग्रॅम पॉझिटिव्ह’ हा शब्द त्या जीवाणूच्या भित्तिकेबद्दल काही सांगतो. ‘जांभळी’ हा शब्द त्या दिवशी, त्या स्लाइडवर, त्या पेशीचे काय झाले एवढेच सांगतो. तुम्ही जर्नलमध्ये पहिल्याची नोंद दुसऱ्याच्या जागी केली, आणि परीक्षकांनी नेमके त्यावरच बोट ठेवले.

आता तुमच्या स्लाइडकडे वळू. हाताची चूक असेल तर रंगांची वाटणी जागेनुसार होते. स्मिअर जिथे जाड, तिथे पेशी जांभळ्या. कडेला जिथे विरळ, तिथे गुलाबी. जाड थरातून अल्कोहोलला रंग काढून नेता येत नाही आणि विरळ भागात तो नको तितका निघतो. स्लाइड ज्योतीवर जास्त तापवली असेल तर भित्तिका फुटतात आणि खऱ्या ग्रॅम पॉझिटिव्ह पेशीही रंग सोडतात. म्हणून मी विद्यार्थ्यांना स्मिअर इतका पातळ करायला सांगतो की वाळल्यावर त्यातून छापील अक्षर वाचता आले पाहिजे. ९५ टक्के अल्कोहोल तिरप्या स्लाइडवर थेंबाथेंबाने सोडावे आणि खाली ओघळणारे थेंब रंगहीन दिसू लागताच लगेच पाण्याने धुवावे. याला सहसा १० ते २० सेकंद पुरतात. अ‍ॅसिटोन मिसळलेले असेल तर रंग याहून पुष्कळ लवकर उतरतो, त्यामुळे एकाच्या सवयीने दुसरे वापरू नये. रुग्णालयात पूच्या नमुन्यांचे स्मिअर पाहताना आम्हाला एक आयती खूण मिळत असे: पूमधील पांढऱ्या पेशींची केंद्रके गुलाबी दिसली पाहिजेत. ती जांभळी दिसली तर रंग पुरेसा उतरलेला नाही, आणि त्या स्लाइडवरून जीवाणूंबद्दल काहीही कळवायचे नाही. ग्रॅमला केंद्रके आणि जीवाणू वेगळे करायचे होते, हे इथे आठवावे.

दुसरे कारण म्हणजे वय, आणि बॅसिलसच्या बाबतीत माझा पहिला संशय नेहमी यावरच असतो. जाड भित्तिका ही एकदा बांधून झालेली दगडी भिंत नसते. वाढणारी पेशी आपल्याच विकरांनी (एन्झाइमांनी) पेप्टिडोग्लायकनचे बंध तोडते आणि तोडलेल्या जागी नवे बंध जोडते, कारण त्याशिवाय तिला लांब होता येणार नाही. अन्न संपले आणि वाढ थांबली की जोडण्याचे काम मंदावते, तोडण्याचे मात्र काही प्रमाणात चालू राहते, आणि भित्तिका कमकुवत होते. अशी पेशी अल्कोहोलसमोर टिकत नाही. बॅसिलस आणि क्लॉस्ट्रिडियम यांच्या जुन्या कल्चरमध्ये गुलाबी पेशी दिसणे हे इतके नेहमीचे आहे की, ग्रॅम स्टेनिंगसाठी १८ ते २४ तासांच्या आतील कल्चर घ्यावे, हा नियमच पडला आहे. बॅसिलससाठी मी स्वतः १२ ते १८ तासांचे पसंत करतो.

वयाची खूण कशी ओळखावी? बॅसिलस साखळ्यांनी वाढतो. एकाच साखळीत काही पेशी जांभळ्या आणि त्यांना चिकटलेल्या काही गुलाबी दिसल्या, तर त्या दोन वेगळ्या जातींच्या असण्याचा प्रश्नच येत नाही, कारण साखळी एका पेशीच्या विभाजनातून झालेली असते. शिवाय दंडाच्या मधोमध किंवा थोडी बाजूला रंगहीन, चकाकणारी अंडाकृती जागा दिसली, तर तो अंतःबीजाणू, म्हणजे उपासमारीत पेशीच्या आत तयार होणारा टणक बीजाणू, होय. ग्रॅमचे रंग त्याच्या आवरणातून आत जात नाहीत. बीजाणू दिसू लागले म्हणजे कल्चर उपासमारीला लागून बराच काळ झाला आहे. तुम्ही पुन्हा ती स्लाइड पाहू शकत असाल तर आधी या दोन गोष्टी शोधा.

इथे वाढीचा आलेख आपोआप येतो, आणि तो चार टप्प्यांची नावे पाठ करून समजत नाही. एक आकडेमोड स्वतः करून पाहा. २० मिनिटांना दुप्पट होणाऱ्या एका पेशीपासून १० दुपटींत १,०२४, २० दुपटींत सुमारे साडेदहा लाख आणि ३० दुपटींत, म्हणजे १० तासांत, सुमारे १०७ कोटी पेशी होतात. नेहमीच्या पोषक ब्रॉथच्या १ मिलिलिटरमध्ये भरगच्च वाढ झाल्यावर साधारण शंभर कोटीच्या आसपासच पेशी असतात. म्हणजे संध्याकाळी लावलेल्या नळीत पहाटेपर्यंत अन्न आणि प्राणवायू यांची टंचाई सुरू झालेली असते, मग सुरुवातीला पेशी एक असो वा हजार. चार दिवस कपाटात राहिलेल्या स्लँटवरची पेशी कोणत्या अवस्थेत असेल, हे यावरून तुम्हीच सांगू शकाल. आलेखातील ‘स्थिर टप्पा’ आणि स्लाइडवरची गुलाबी पेशी ही एकाच घटनेची दोन दर्शने आहेत. हे एकदा डोळ्यांनी पटले की तो आलेख पाठ करावा लागत नाही.

तिसरे कारण भेसळ. यात गुलाबी पेशींचा आकारही वेगळा असतो: बॅसिलसच्या मोठ्या दंडांच्या साखळ्यांपासून अलग पडलेले, लहान, बारीक दंड. आमच्या विभागात काही वर्षांपूर्वी असेच घडले होते. बॅसिलसचे मूळ कल्चर आम्ही सत्रामागून सत्र एका स्लँटवरून दुसऱ्या स्लँटवर नेत राहिलो आणि मध्ये एकदाही प्लेटवर स्ट्रीक करून, म्हणजे लूपने (तारेच्या कडीने) रेघा ओढून, तपासले नाही. ती चूक आमची, शिक्षकांची होती. वर्गातील बहुतेकांनी ‘सर्व पेशी जांभळ्या’ असेच लिहून दिले. एका विद्यार्थिनीने मात्र साखळ्यांपासून दूर असलेले लहान गुलाबी दंड जसेच्या तसे काढून दाखवले. तिचे चित्र पाहून मी ते कल्चर प्लेटवर स्ट्रीक केले, तर दोन प्रकारच्या कॉलनी (नुसत्या डोळ्यांना दिसणारे जीवाणूंचे पुंजके) आल्या, एक कोरड्या, पसरट, खडबडीत कडांच्या आणि दुसऱ्या ओलसर, गुळगुळीत. त्यानंतर आम्ही पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील औद्योगिक सूक्ष्मजीवांच्या राष्ट्रीय संग्रहातून नवे संदर्भ कल्चर मागवले. त्या विद्यार्थिनीच्या प्रामाणिक चित्रामुळे पुढच्या कितीतरी तुकड्यांचे काम वाचले, असे मी मनापासून मानतो.

शुद्ध कल्चरचे महत्त्व पुस्तकात जर्मन जीवाणूशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांच्या नावाने एका परिच्छेदात संपते, पण त्यामागची धडपड समजून घेण्यासारखी आहे. द्रव माध्यमात दोन जाती एकत्र वाढल्या तर त्या वेगळ्या करणे फार जिकिरीचे होते. कॉख यांनी आधी उकडलेल्या बटाट्याच्या फोडी वापरल्या, मग जिलेटिन. परंतु जिलेटिन ३७ अंश सेल्सिअसला, म्हणजे नेमके माणसात रोग निर्माण करणाऱ्या जीवाणूंना हव्या असलेल्या तापमानाला, वितळते, आणि काही जीवाणू ते पचवूनही टाकतात. त्यांच्या प्रयोगशाळेतील वाल्थर हेस यांच्या पत्नी फॅनी हेस यांनी स्वयंपाकातील अनुभवावरून अगार सुचवले. अगार सुमारे ८५ अंशांना वितळते, पण पुन्हा घट्ट होण्यासाठी ते ४० अंशांच्या आसपास किंवा त्याखाली थंड व्हावे लागते, त्यामुळे इनक्युबेटरमध्ये ते घट्टच राहते, आणि फार थोडे जीवाणू ते पचवू शकतात. घट्ट पृष्ठभागावर पेशी जिथे पडते तिथेच तिची संतती राहते. स्ट्रीक करताना दर वेळी लूप तापवून आपण पेशींची संख्या कमी करत जातो, ती यासाठीच. लूप न तापवता चारही भाग ओढणारे विद्यार्थी मी दर वर्षी पाहतो. त्यांना कृती माहीत असते, पण तिचे कारण त्यांनी स्वतःला विचारलेले नसते.

आणि इथे पुन्हा तुमची साखळी उपयोगी पडते. प्लेटवरील एक कॉलनी म्हणजे सुरुवातीची एक पेशी, असे आपण सोयीसाठी म्हणतो. पण दहा पेशींची साखळी एकत्र पडली तरी कॉलनी एकच येते. म्हणूनच मोजणीच्या उत्तरात ‘पेशी’ न लिहिता ‘कॉलनी निर्माण करणारे घटक’, म्हणजेच प्रचलित भाषेत ‘सीएफयू’, असे लिहायचे असते. लाखपट विरल केलेल्या नमुन्याचा ०.१ मिलिलिटर पसरला आणि १४२ कॉलनी आल्या, तर उत्तर दर मिलिलिटरला १४ कोटी २० लाख सीएफयू. साखळ्यांनी वाढणाऱ्या बॅसिलससाठी प्रत्यक्ष पेशींची संख्या याहून जास्त असणार, हे तुम्हाला स्लाइड पाहिल्यामुळे कळलेले असते. ३० ते ३०० कॉलनींच्या मर्यादेचेही असेच आहे: त्याहून कमी असतील तर योगायोगाचा वाटा मोठा होतो, आणि जास्त असतील तर कॉलनी एकमेकींत मिसळतात व अन्नासाठी भांडतात.

मग या तीन कारणांचा निवाडा निश्चितपणे कसा करायचा? नियंत्रण ठेवून. एकाच स्लाइडवर तीन लहान स्मिअर शेजारी शेजारी घ्या: डावीकडे ताजा, खात्रीचा ग्रॅम पॉझिटिव्ह जीवाणू, उजवीकडे ई. कोलाय, आणि मध्ये तुमचा नमुना. तिघांवर तेच रंग, तेच अल्कोहोल, तेवढाच वेळ. डावीकडचे जांभळे आणि उजवीकडचे गुलाबी दिसले तरच मधल्याबद्दल बोलायचा तुम्हाला अधिकार आहे. प्रयोगशाळेत कल्चर उपलब्ध नसेल तर साय काढलेल्या दुधाच्या ताज्या दह्याची निवळी घ्या. तिच्यात ग्रॅम पॉझिटिव्ह गोल आणि दंडाकार जीवाणू भरपूर सापडतात, फक्त दुधातील प्रथिनांमुळे मागची जमीन गुलाबीसर दिसते. ग्रॅम निगेटिव्हसाठी मुगाच्या किंवा चवळीच्या रोपाच्या मुळावरील गाठ स्वच्छ धुऊन पाण्याच्या थेंबात चिरडली की रायझोबियम वर्गातील जीवाणू मिळतात.

रंगावर अवलंबून नसलेली एक पडताळणीही आहे. पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या ३ टक्के द्रावणाच्या थेंबात कॉलनीचा थोडा भाग घोळवून लूप हळूच वर उचला. ग्रॅम निगेटिव्ह पेशी फुटतात, त्यांच्यातील डीएनए बाहेर येतो आणि लूपबरोबर चिकट तार निघते. ग्रॅम पॉझिटिव्ह पेशींत सहसा निघत नाही. द्रावण त्वचेला आणि डोळ्यांना घातक असल्यामुळे ते शिक्षकांच्या देखरेखीखालीच वापरावे. तुमचे गुलाबी दिसणारे बॅसिलस तार देत नसतील, तर भित्तिका ग्रॅम पॉझिटिव्ह घडणीचीच आहे आणि रंग वयामुळे किंवा हातामुळे गेला आहे, असे तुम्ही पुराव्यासह म्हणू शकता.

अभ्यासाच्या पद्धतीबद्दल माझा सल्ला याच वाटेने जातो. कोणतेही प्रकरण वाचताना प्रत्येक विधानाला ‘हे मला प्रयोगशाळेत कुठे दिसेल आणि दिसले नाही तर का दिसणार नाही?’ असे विचारा. पेनिसिलिन पेप्टिडोग्लायकनचे बंध जोडणाऱ्या विकराला अडवते, असे वाचले की लगेच पुढचे प्रश्न सुचले पाहिजेत: मग ते वाढणाऱ्या पेशींवरच प्रभावी का, आणि भित्तिकाच नसलेल्या मायकोप्लाझ्मावर त्याचा उपयोग का होत नाही? दोन्हींची उत्तरे तुम्ही आत्ता वाचलेल्या भित्तिकेच्या तोड-जोडीत आहेत. प्रतिजैविक सुरू केलेल्या रुग्णाच्या नमुन्यात ग्रॅम पॉझिटिव्ह जीवाणू कधीकधी गुलाबी का दिसतात, तेही तिथेच आहे. असे दहा-बारा धागे जुळले की प्रकरणांच्या सीमा गळून पडतात. अर्थात, पाठांतर पूर्णपणे टळत नाही. जीवाणूंची नावे, माध्यमांचे घटक आणि तापमाने लक्षात ठेवावीच लागतात, आणि विद्यापीठाच्या परीक्षेत त्यांना गुण असतात.

शेवटी जर्नलबद्दल. पुढच्या प्रात्यक्षिकाला अशी नोंद करा: ‘नियंत्रणे अपेक्षेप्रमाणे. नमुन्यात साखळ्यांनी असलेले मोठे दंड. बहुसंख्य जांभळे, काही गुलाबी. एकाच साखळीत दोन्ही रंग. काही पेशींत रंगहीन अंडाकृती जागा. कल्चर ९६ तासांचे. निष्कर्ष: ग्रॅम पॉझिटिव्ह, बीजाणू निर्माण करणारा दंडाकार जीवाणू, गुलाबी पेशी कल्चरच्या वयामुळे असाव्यात, १४ तासांच्या कल्चरवर पुन्हा तपासणे आवश्यक.’ तासांचे आकडे अर्थातच तुमच्या कल्चरचे लिहा. ते १४ तासांचे कल्चर खरोखर लावा, आणि त्याची स्लाइड जुन्या स्लाइडच्या शेजारी ठेवून पाहा.